वडिलांच्या नावाने बेचाळीस किलोमीटर

नमस्कार, श्रोतेहो.

आई किंवा वडील गेले की सुरुवातीला घर माणसांनी भरलेलं असतं. मग हळूहळू लोक त्यांचा विषय काढायचं टाळू लागतात. आपल्याला वाईट वाटू नये म्हणूनच टाळतात. पण आपल्याला तर त्यांच्याबद्दल भरभरून बोलायचं असतं! त्यांच्या स्मरणार्थ मॅरेथॉन धावावी आणि त्यानिमित्ताने एखाद्या संस्थेसाठी देणगी जमवावी, असं मी आज सुचवतो आहे, ते आधी यासाठी. देणगी मागायची तर त्यांच्याबद्दल बोलावंच लागतं.

वडील गेल्यावर मी धावायचं ठरवलं, तेव्हा पैसे त्यांच्या आजारावर काम करणाऱ्या संस्थेला जाणार, असं बहुतेकांनी धरूनच चाललं होतं. तसं करणारे पुष्कळ आहेत आणि ते योग्यच आहे. मला मात्र वाटलं, माणूस कशाने गेला यापेक्षा तो कसा जगला हे आधी आठवावं. उपचारांसाठी वडील दवाखान्याच्या बाकावर बसलेले असत. शेजारी कुणी ना कुणी फॉर्म हातात धरून गोंधळलेलं असे. वडील खिशातलं पेन काढत, कपाळावरचा चष्मा नाकावर आणत आणि म्हणत, "द्या इकडे. नाव सांगा." स्वतःचा नंबर पुकारला गेला तरी हातातला फॉर्म पुरा करूनच उठत. म्हणून मी रुग्णांच्या नातेवाइकांना मदत करणारी संस्था निवडली आणि आवाहनात एवढंच लिहिलं.

देणग्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर आठवणीही आल्या. एका जुन्या सहकाऱ्याने कळवलं की त्याचा नोकरीचा पहिला अर्ज वडिलांनी पुन्हा पुन्हा लिहून घेतला होता. आम्हा घरच्यांना याचा पत्ताही नव्हता.

१९८० साली टेरी फॉक्स हा तरुण कर्करोगावरच्या संशोधनासाठी देणगी जमवायला कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून धावत निघाला. कर्करोगामुळे त्याचा एक पाय कापावा लागला होता. कृत्रिम पायावर तो १४३ दिवस, रोज जवळजवळ एका मॅरेथॉनइतकं अंतर धावला. वाटेतल्या गावांत थांबून तो लोकांशी बोलायचा, कर्करोगाच्या वॉर्डात पाहिलेल्या रुग्णांबद्दल सांगायचा. रोग फुप्फुसात पसरल्याने त्याला थांबावं लागलं. पण दर कॅनेडियन माणसामागे एक डॉलर जमावा ही त्याची इच्छा पुढच्याच वर्षी पुरी झाली. मला त्याच्या धावण्याइतकंच त्याचं ते बोलणंही मोलाचं वाटतं.

आता व्यवहाराचं. देणगीचे पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका. ते थेट संस्थेकडे जाऊ द्या आणि प्रत्येकाला पावती मिळते ना, ते बघा. प्रवेश शुल्क, बूट, प्रवास हा खर्च आपण करावा आणि तसं देणगीदारांना सांगावं. काही शर्यतींत संस्थांकडे राखीव जागा असतात. त्या घेतल्या तर ठरावीक रक्कम जमवून द्यावी लागते. रक्कम कमी पडली तर काय, हे सही करण्याआधी विचारून घ्या.

आणि एक फार महत्त्वाचं. आई किंवा वडील कमी वयात हृदयविकाराने गेले असतील, तर सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. हे टाळू नका.

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. नियमित धावणाऱ्यालाही तयारीला चार-पाच महिने लागतात. शर्यतीच्या दिवशी मन भरून आलेलं असतं आणि त्या भरात पहिले किलोमीटर फार जोरात धावले जातात. मग तिसाव्या किलोमीटरच्या आसपास स्नायूंतला साखरेचा साठा संपत येतो, पाय जड होतात, आणि नेमकं तेव्हाच रडू फुटू शकतं. रडताना श्वास तुटतो. अशा वेळी सरळ चालायला लागा. श्वास पूर्ववत झाला की पुन्हा धावा. पाणी तहानेपुरतंच प्या. फार प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

शर्यत झाली की आठवडाभरात सगळ्या देणगीदारांना किती रक्कम जमली ते कळवा. आलेल्या आठवणी एका वहीत उतरवून काढा, कुणी लिहिलं तेही नोंदवा, आणि भावंडांना एकेक प्रत द्या.