आधी चॅपेल, मग किल्ला

श्रोतेहो, नमस्कार. मोझांबिक या देशाला ज्याच्यावरून नाव पडलं ते बेट केवढं असेल? लांबी तीन किलोमीटर, रुंदी जेमतेम अर्धा. सकाळी फिरायला निघालेला माणूस प्रदक्षिणा घालून नाश्त्याला घरी! पण या बेटाच्या नावाची नगरपालिका आहे, जागतिक वारशाचा दर्जा आहे, आणि मुख्य भूमीला जोडणारा एकेरी पूल आहे. समोरून गाडी आली की एकाने बाजूला घ्यायचं. आपल्याकडे असा पूल असता तर मधोमध दोन्ही ड्रायव्हर उतरून एकमेकांचं कूळ काढत बसले असते, पण ते जाऊ द्या.

बेटाच्या उत्तर टोकाला एक चॅपेल आहे, नोसा सेन्योरा दु बालुआर्ते. पोर्तुगीजांनी ते 1522 साली बांधलं. दक्षिण गोलार्धातली युरोपियनांची सर्वांत जुनी उभी इमारत हीच मानतात. शेजारचा सां सेबास्तियां किल्ला सुरू झाला 1558 मध्ये. म्हणजे आधी चॅपेल, मग किल्ला. चॅपेलमध्ये वर दगडी फासळ्यांचं छत, पायाखाली थडग्यांच्या शिळा. बेटावर गोड्या पाण्याची वानवा, म्हणून किल्ल्याच्या गच्चीवरचं पावसाचं पाणी टाक्यांत उतरवलेलं. आपल्या गडांवरची टाकी ज्यांनी पाहिलीत त्यांना वेगळं सांगायला नको. आणि त्या टाक्यांत प्लास्टिकच्या बाटल्या टाकणाऱ्यांना काय सांगावं, तेही कळत नाही.

गोव्याशी या बेटाचं जुनं नातं. 1752 पर्यंत इथला कारभार गोव्याहून चाले. लिस्बनहून येणारी जहाजं इथे थांबत. नैऋत्येचा वारा हुकला की पुढच्या मोसमापर्यंत मुक्काम ठरलेला. फ्रान्सिस झेवियर 1541 साली असेच इथे अडकले आणि गोव्याला पोचले थेट पुढच्या मे महिन्यात.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढा वेळ घेतला, ती ऐका. साल 1569. दियोगो द कोतो नावाचा गृहस्थ गोव्याहून लिस्बनला निघालाय. जहाज मोझांबिकला लागतं आणि तिथे त्याला भेटतो जुना मित्र, लुईश द कामोंइश. पोर्तुगीज भाषेचा महाकवी! पण अवस्था काय? मित्र वाढतील ते खायचं. अंगावर धड कपडे नाहीत, घरी परतायला पैसे नाहीत. ज्या अधिकाऱ्याबरोबर तो या बेटावर आला, त्याचंच देणं डोक्यावर होतं, असंही सांगतात. मग कोतोने आणि इतर मित्रांनी मिळून त्याला कपडे जमवून दिले, जेवूखाऊ घातलं आणि जहाजात बसवलं. मला तर वाटतं, कवीला शाल-श्रीफळ देण्याऐवजी आपणही शर्ट-पँट द्यावी, निदान वापरात तरी येईल.

याच मुक्कामात कामोंइश आपल्या 'ओस लुझियादास' या महाकाव्यावर अखेरचा हात फिरवत होता. ते 1572 साली लिस्बनला छापलं गेलं. पण त्याच बेटावर तो आणखी एक वही लिहीत होता. तिचं नाव 'पार्नासो'. विद्वत्तेने, तत्त्वज्ञानाने भरलेली, असं कोतो सांगतो. ती वही चोरीला गेली! पैसाअडका नव्हताच, चोराने नेली ती कविता. कोतोने पुढे पोर्तुगालमध्ये खूप चौकशी केली. पत्ता लागला नाही. आजतागायत नाही.

हा कोतो पुढे गोव्यात दफ्तरखान्याचा प्रमुख झाला, इतिहासाचे खंड लिहू लागला. कामोंइशची ही हकीकत येते आठव्या खंडात. आणि म्हातारपणी, आजारी असताना, कोतोच्याच घरातून आठव्या नि नवव्या खंडांची हस्तलिखितं चोरीला गेली. म्हाताऱ्याने आठवून आठवून ते थोडक्यात पुन्हा लिहून काढलं.