कॅनमधलं पेट्रोल आणि राज्याचा कार्बन हिशेब

महाराष्ट्रातल्या उद्योगांनी वर्षभर जाळलेल्या पेट्रोलमधून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला? राज्यात खपलेलं पेट्रोल घ्यावं, एका आकड्याने गुणावं, झालं, असं वाटतं. पण नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या कारखान्यात पेट्रोल येतं कसं ते बघा. माणूस पंपावर जातो आणि कॅन भरून आणतो. स्वतःच्या वापरासाठी ३० लिटरपर्यंत पेट्रोल ठेवायला पेट्रोलियम कायद्याखाली परवाना लागत नाही. परवाना नाही म्हणून टाकी नाही, टाकी नाही म्हणून डिपची, म्हणजे पट्टी बुडवून मोजलेल्या पातळीची, नोंद नाही आणि स्टॉक रजिस्टरही नाही. उरतं ते किरकोळ खर्चाचं व्हाउचर, आणि त्यावर बहुतेक वेळा लिटर नसतात, रुपये असतात.

वरून, म्हणजे राज्याच्या एकूण आकड्यांवरून, मोजायला गेलं तरी अडतंच. पेट्रोलियम प्लॅनिंग अँड अ‍ॅनालिसिस सेल ही केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयाची शाखा राज्यनिहाय विक्रीचे आकडे देते. त्या विक्रीत कॉलेजला जाणारी स्कूटर आणि कारखान्याचा जनरेटर एकाच रांगेत उभे असतात. शिवाय विक्री म्हणजे वापर नव्हे. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंमधून निघालेले टँकर नाशिकपुरते थांबत नाहीत, आणि सुरगाण्याच्या कडेची माणसं गुजरातमध्ये स्वस्त पडतं म्हणून तिकडे भरून येतात. उद्योगांच्या वार्षिक पाहणीच्या अर्जात तरी मिळेल म्हणावं, तर तिथे पेट्रोल, डिझेल, तेल, वंगण ही एकच ओळ आहे, तीही रुपयांत. कोळशाला टन आणि विजेला युनिट आहेत, पेट्रोलला लिटर नाहीत. माझ्या मते राज्याच्या हिशेबातली सगळ्यात मोठी फट हीच आहे. गुणकावर वाद घालण्याआधी ती बुजवायला हवी.

उद्योगात धरायचं काय? कुंपणाच्या आत जळलेलं: छोटा जनरेटर, गवत कापायचं यंत्र, पाण्याचा पंप, बांधकामावरचा व्हायब्रेटर, इंजिनाच्या चाचणीत जळालेलं पेट्रोल. नव्या गाडीत पहिल्यांदा भरून बाहेर गेलेलं पेट्रोल नाही धरायचं, ते रस्त्यावर जळतं आणि वाहतुकीत मोजलं जातं. सेल्समनच्या मोटरसायकलचंही तसंच. कंपनीच्या स्वतःच्या स्कोप १ मध्ये, म्हणजे तिच्या मालकीच्या यंत्रा-वाहनांतून थेट निघणाऱ्या उत्सर्जनात, कंपनीच्या मालकीची मोटरसायकल येते, राज्याच्या उद्योग क्षेत्रात ती येत नाही. दोन्ही तक्ते एकमेकांत मिसळले की एकच लिटर दोनदा मोजलं जातं.

आता एक हिशेब सावकाश करू. समजा एका युनिटने महिन्यात १८० लिटर ई-२० जाळलं. त्यात २० टक्के, म्हणजे ३६ लिटर इथेनॉल. खरं पेट्रोल १४४ लिटर. घनता लिटरला ०.७४ किलो धरली तर १०६.६ किलो. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीच्या, २००६ च्या मार्गदर्शिकेत पेट्रोलचं उष्मांक मूल्य किलोला ४४.३ मेगाज्यूल आणि गुणक मेगाज्यूलला ६९.३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आहे. गुणाकार करा, येतात सुमारे ३२७ किलो. इथेनॉलचे सुमारे ५४ किलो वेगळ्या रकान्यात, जैविक म्हणून. एकूणात मिळवायचे नाहीत. उसाने, मक्याने हवेतूनच घेतलेला तो कार्बन आहे. ते पीक घेताना आणि डिस्टिलरीत जळलेलं इंधन त्या-त्या ठिकाणी मोजलं जातं. आणि कोणी १८० लिटरला सरळ २.२७ ने (शुद्ध पेट्रोलच्या एका लिटरमागचे किलो) गुणलं, तर ४०९ किलो येतात, म्हणजे पाव हिश्श्याने जास्त. म्हणून जुन्या वर्षांची मालिका बांधताना त्या वर्षी मिश्रण किती टक्के होतं ते आधी लिहा, नाहीतर आलेख खोटी चढ-उतार दाखवेल.

टू-स्ट्रोक यंत्रात मिसळलेलं तेलही जळतं, तेही इंधनात धरायचं. घनतेचा आकडा १५ अंश सेल्सिअस तापमानाचा असतो. दर दहा अंशांना पेट्रोल साधारण एक टक्का फुगतं, तेव्हा दुपारचं लिटर किंचित हलकं. तक्त्यात ‘टन कार्बन’ आहे की ‘टन कार्बन डायऑक्साइड’ ते मात्र नक्की बघा: मध्ये ४४ भागिले १२, म्हणजे ३.६७ पटींचा फरक आहे.

अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाचे राज्यनिहाय आकडे शेजारी ठेवायचा मोह होतो. तिथे ‘उद्योग’ म्हणजे कारखान्यांसोबत शेती, खाणी आणि बांधकामही. आयपीसीसीच्या चौकटीत शेती वेगळी असते. निफाडच्या द्राक्षबागेतला पेट्रोलवरचा फवारणी पंप एका हिशेबात उद्योग आहे, दुसऱ्यात नाही.

मग करायचं काय? व्हाउचरवर चार गोष्टी: तारीख, लिटर, दर, यंत्राचं नाव. जुन्या व्हाउचरवर फक्त रुपये असतील तर त्या तारखेच्या दराने भागा, सरासरी वार्षिक दराने नको. मग धंद्याच्या प्रकारानुसार नमुन्याची युनिटं निवडून त्यांच्यावरून राज्याचा अंदाज काढता येतो. पण एका महिन्याला बाराने गुणू नका. इगतपुरीकडे पावसाळ्यात गवत कमरेला लागतं. तिथलं ऑगस्टचं व्हाउचर आणि मार्चचं व्हाउचर एकाच आवाराची वाटत नाहीत.