लांब राहण्याची लेन्स

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय पक्ष्यांचे फोटो काढायच्या लांबलचक झूम लेन्सविषयी. १००-४००, १५०-६००, २००-६०० मिलिमीटर अशा आकड्यांच्या त्या जाडजूड नळ्या तुम्ही पाहिल्या असतील. आकडा जेवढा मोठा, तेवढं लांबचं जवळ दिसतं, पण तेवढीच कमी जागा चौकटीत मावते. तुमच्यापैकी काहींच्या कपाटातही असतील. कॅमेरा कसा धरायचा, बटण कुठलं दाबायचं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

नवी लेन्स घेतलेल्या माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते. पक्षी समोर फांदीवर स्पष्ट दिसतो, कॅमेरा डोळ्याला लावला की गायब! लेन्समध्ये काही बिघाड नसतो. एक करून बघा. हात सरळ पुढे ताठ करा आणि दोन बोटं जोडून उभी धरा. त्या दोन बोटांमागे जेवढी रुंदी झाकली जाते, साधारण तेवढीच रुंदी फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्याला ६०० मिलिमीटरवर दिसते. जेमतेम साडेतीन अंश. एवढ्याशा जागेत भिरभिरणारा पक्षी शोधायचा, म्हणजे सुईच्या नाकातून जत्रेत हरवलेलं पोर शोधण्यासारखं.

म्हणून झूम. पक्षी लहान आकड्याला शोधायचा आणि मोठ्या आकड्याला टिपायचा. १५० वर पक्षी चौकटीत घ्या, मध्यभागी आणा, फोकस बसू द्या, आणि मग डोळा न काढता झूमचं कडं फिरवत ६०० पर्यंत जा. फोटो झाला की पुन्हा मागे १५० वर. लेन्स सतत ६०० वरच ठेवून फिरणाऱ्याने झूमचे पैसे का मोजले, हे मला कधी कळलेलं नाही. पुन्हा सांगतो, लिहून घ्या: शोधायचा लहान आकड्याला, टिपायचा मोठ्या आकड्याला.

आता हात. डावा तळवा लेन्सच्या खालून, शक्य तेवढा पुढे. कोपरं बरगड्यांना टेकलेली. लेन्सला स्टॅबिलायझर असतो, तो तुमच्या हाताची थरथर सावरतो. पक्ष्याची हालचाल तो थांबवत नाही. दहापैकी नऊ जण इथे फसतात. त्यासाठी शटरचा वेग लागतो. पक्षी शांत बसलेला असेल तर १/५०० सेकंद चालून जातं, पण बसलेला पक्षीही मान झटकत असतोच, म्हणून १/१००० बरं. उडत्या पक्ष्याला १/२००० किंवा त्याहून जलद. अशा बऱ्याच झूम लेन्सचं प्रकाश घेणारं छिद्र मोठ्या टोकाला एफ ६.३ पर्यंतच उघडतं, त्यामुळे प्रकाश कमी पडतो आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, वर न्यावा लागतो. न्या बिनधास्त. दाणेदार फोटो बघता येतो, हललेला फोटो कुणाला दाखवताही येत नाही.

लेन्सच्या अंगावर एक छोटी खटकी असते, फोकसची मर्यादा ठरवणारी. तिच्याकडे कुणी बघत नाही. पक्षी लांबच असणार हे माहीत असेल तर ती 'अमुक मीटर ते अनंत' या खुणेवर सरकवा. मग समोरची काडी मध्ये आली की लेन्स अगदी जवळच्या टोकापर्यंत धावत जाऊन परत येण्यात वेळ घालवत नाही. नाहीतर तेवढ्या वेळात पक्षी उडून गेलेला असतो. आणि भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून किंवा पाण्यावरून लांबचा फोटो काढू नका. गरम हवा लहरत असते, त्यात पिसं विरघळल्यासारखी दिसतात, आणि त्यावर कुठल्याही किमतीच्या लेन्सचा इलाज चालत नाही. सकाळ, संध्याकाळ, बस.

जाता जाता एक. हल्ली फोटोखाली कॅमेरा, लेन्स, शटर, सगळं लिहिलेलं असतं. पक्ष्याचं नाव मात्र नसतं! अरे, तो नाचण आहे की सुभग, एवढं तरी सांगा. आणि मी रेडिओवाला असल्यामुळे हेही बोलून घेतो, की निम्मे पक्षी आधी कानाला सापडतात. गळ्यात महागडी लेन्स आणि कानात गाणी, अशी माणसं पाहिली की मला राहवत नाही. असो.

खरं सांगायचंय ते वेगळंच. ही लेन्स जवळ जाण्यासाठी नसते. लांब राहण्यासाठी असते. आणि ते सांगायचं तर मला माझी आवडती हकीकत सांगावीच लागेल. जिथे संधी मिळते तिथे मी ती सांगतो, ज्यांनी आधी ऐकली असेल त्यांनी पुन्हा ऐकावी.

स्थिर फोटोच्या कॅमेऱ्यासाठी झूम लेन्स पहिल्यांदा बाजारात आली १९५९ साली. फोक्टलँडर कंपनीची झूमार, ३६ ते ८२ मिलिमीटर. म्हणजे पक्ष्यांच्या दृष्टीने काहीच नाही. त्याच्या कितीतरी आधीपासून लोक पक्ष्यांचे फोटो काढत होते. कसे? जवळ जाऊन. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन नावाचे दोन भाऊ होते, १८९० च्या दशकात या कामाला लागलेले. पक्ष्यांनी बिचकू नये म्हणून त्यांनी पेंढा भरतात तसा एक पोकळ बैल तयार करवला. बैलाच्या पोटात माणूस, माणसाबरोबर कॅमेरा! पक्षी बैलाला भीत नाहीत, हा हिशेब. आत काय उकडत असेल, कल्पना करा.

त्यांच्या पुढच्या पिढीतला एरिक हॉस्किंग. जन्म १९०९, लंडनचा. पक्ष्यांच्या फोटोंवर पोट भरायचं असं ठरवणाऱ्या सुरुवातीच्या माणसांपैकी एक. त्याची पद्धत आडोशाची. घरट्याजवळ कापडाचा छोटा आडोसा उभा करायचा, पक्ष्याला त्याची सवय होऊ द्यायची, रोज थोडा थोडा पुढे सरकवायचा, आणि मग आत बसून राहायचं. घरटं झाडावर उंच असेल तर आडोसाही तेवढ्याच उंचीवर मचाण बांधून. कॅमेरा लाकडी, फोटो काचेच्या प्लेटवर. एक प्लेट, एक फोटो. रात्री काढायचा असेल तर फ्लॅशचा बल्ब, तोही एकदा पेटला की संपला.

१९३७ चा मे महिना. हॉस्किंग सत्तावीस वर्षांचा. वेल्समध्ये टॉनी आऊल जातीच्या घुबडाच्या घरट्याशी त्याने असाच उंचावर आडोसा बांधला होता. हे घुबड तपकिरी अंगाचं, काळ्याभोर डोळ्यांचं, झाडाच्या ढोलीत घरटं करणारं. दिसायला मोठं गरीब, पण पिलं घरट्यात असली की त्याच्यासारखं तापट कुणी नाही.

रात्री अंधारात हॉस्किंग त्या आडोशाकडे परत गेला. आणि बघा, इथे कानाची गोष्ट आलीच. कुठलाही दुसरा मोठा पक्षी अंगावर आला असता तर पंखांचा आवाज झाला असता, माणूस निदान मान तरी वळवतो. घुबडाचा आवाज येत नाही. त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला फणीच्या दातांसारखी बारीक झालर असते, मागची कड सुट्या धाग्यांसारखी मऊ असते, आणि पिसांवर मखमलीसारखी लव. हवा पंखावर आपटून फडफडत नाही, विंचरली गेल्यासारखी निघून जाते. उंदराला शेवटपर्यंत पत्ता लागू नये यासाठी ही सगळी रचना. त्या रात्री पत्ता लागला नाही तो हॉस्किंगला.

काही ऐकू आलं नाही. एकदम तोंडावर जोरदार फटका बसला आणि डाव्या डोळ्यात कळ गेली. घुबडाची नखी थेट डोळ्यात.

आता १९३७ म्हणजे काय काळ, तेही लक्षात घ्या. पेनिसिलिनचा शोध १९२८ ला लागला होता, पण औषध म्हणून ते रुग्णाला मिळायला अजून काही वर्षं होती. डोळ्यात संसर्ग झाला. हॉस्किंगला लंडनच्या मूरफील्ड्स या डोळ्यांच्या प्रसिद्ध रुग्णालयात नेलं. जखमी डोळ्यामुळे चांगला डोळाही जाण्याची भीती होती. ज्याचं पोट डोळ्यांवर, त्याच्यापुढे हा प्रश्न. डावा डोळा काढून टाकला.

इथे मी जरा थांबतो, कारण ऐकणारे नेहमी विचारतात, मग त्याने घुबडांचा नाद सोडला का? छे! बरा झाला आणि पुन्हा घुबडांकडेच गेला. पुढे पन्नासहून अधिक वर्षं तो फोटो काढत होता, १९९१ मध्ये गेला. तुम्ही कॅमेऱ्याला कुठला डोळा लावता? बहुतेक लोक उजवा लावतात. हॉस्किंगचा तो शाबूत राहिला. मी मात्र श्रोत्यांना दोन्ही डोळे उघडे ठेवून फोटो काढायला शिका असं सांगतो, म्हणजे एक डोळा लेन्समध्ये आणि दुसरा आजूबाजूला. उडत्या पक्ष्यासाठी ती सवय फार उपयोगी. हॉस्किंगला ती सोय उरली नव्हती, आणि तरीही १९४८ साली त्याने गव्हाणी घुबडाचा तो गाजलेला फोटो काढला. पंख उभारलेले, चोचीत उंदरासारखा छोटा प्राणी, राजचिन्हावर कोरावं तसं रूप. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश तेव्हा नवीन होता आणि पक्ष्यांसाठी तो हाताळणाऱ्या पहिल्या काही लोकांत हा एक डोळ्याचा माणूस होता. एक डोळा बंद करून बाटलीत पाणी ओतून बघा, अंतराचा अंदाज कसा चुकतो ते कळेल. आणि त्याने अंधारात येणाऱ्या घुबडासाठी अंतर ठरवून कॅमेरा लावला होता!

घुबडावर त्याचा राग नव्हता. राग असायचं कारणही नाही. पिलांपाशी कुणीतरी अंधारात आलं, आईबापांनी करायचं ते केलं. आजही घरट्यात जाऊन टॉनी आऊलच्या पिलांच्या पायात कडी घालणारे अभ्यासक चेहऱ्यावर संरक्षण चढवून जातात.

पण हॉस्किंगपुढे दुसरा रस्ता नव्हता, हे विसरू नका. त्याला जवळ जावंच लागायचं. तुम्हाला लागत नाही. तुमच्या हातात ६०० मिलिमीटर आहे, आणि तरीही लोक ती लेन्स घेऊन घरट्याच्या झाडाखाली उभे राहतात. घरट्यापुढच्या फांद्या मोडतात, 'व्ह्यू मोकळा' करायला. त्या फांद्या ऊन, पाऊस आणि कावळ्यांपासूनचा पडदा असतात. पडदा काढला की पिलं ताटात वाढलेली. माझं मत विचाराल तर घरट्याचा फोटो काढूच नये. ६०० ने नाही, ८०० ने नाही.

बाहेर बसलेल्या पक्ष्यापासून किती लांब राहायचं? मीटरमध्ये सांगता येत नाही, पक्षीच सांगतो. चरणं थांबवून तो मान ताठ करून तुमच्याकडे बघायला लागला, तर तुम्ही जवळ आलात. अंग चोरून बारीक झाला, तर फारच जवळ आलात. आणि चोचीत अळी धरून एकाच झुडपावर इकडून तिकडे उड्या मारतोय, आत शिरत नाही, ओरडतोय, तर घरटं तुमच्या जवळपास आहे आणि आत पिलं उपाशी आहेत. अशा वेळी फोटो फार सुंदर येतात, तेच वाईट. कॅमेरा खाली, आणि मागे फिरा.

समोरच्या काचेतून वेळ संपल्याची खूण होतेय. एवढं सांगून संपवतो. मागे सरकलात की चौकटीत पक्षी लहान दिसेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. २४ मेगापिक्सेलचा फोटो कडांनी कापून रुंदी अर्धी केली आणि उंचीही अर्धी केली तरी ६ मेगापिक्सेल हातात राहतात. मोबाईलच्या पडद्याला ते जास्तच होतात आणि ए-फोर कागदावर छापायलाही पुरतात. फक्त मूळ फोटो हललेला नको, नाहीतर कापल्यावर ते आणखी उघडं पडतं. म्हणून १/१००० आणि कोपरं बरगड्यांना.

नमस्कार.