किडीच्या पोटात राहतं कोण?

मंडळी, गेल्या काही वर्षांत किडींच्या आतड्यातल्या जीवाणूंवर इतकं लिहिलं गेलंय की वाचणाऱ्याला वाटावं, कीड बिचारी नावालाच आहे; पचवतात जीवाणू, विष मारतात जीवाणू, झाडाला फसवतातही जीवाणूच. यातलं बरंचसं खरं आहे. पण सगळ्याच किडींना ते लागू नाही, आणि आज मला हा फरकच मांडायचा आहे.

आधी कसोटी ठरवून घेऊ. अळीचं आतडं काढलं, त्यातला डीएनए वाचला, जीवाणूंची लांबलचक यादी मिळाली. यावरून कळलं ते एवढंच, की ते जीवाणू त्या दिवशी तिथे होते. पान खाल्लं की पानावरचे जीवाणू पोटात जाणारच. ते काही काम करतात असं म्हणायचं तर त्यांना काढून टाकल्यावर किडीचं काहीतरी अडलं पाहिजे आणि परत दिल्यावर ते सुरळीत झालं पाहिजे. शिवाय, काढून टाकायला जे प्रतिजैविक वापरलं त्याचाच हा परिणाम नव्हता, याचीही खात्री हवी. ही शेवटची अट फार वेळा विसरली जाते. त्यातून काय घोळ होतो ते पुढे सांगतो.

या कसोटीला सगळ्यात छान उतरतो तो जपानमधला एक ढेकण्या, रिप्टॉर्टस पेडेस्ट्रिस. सोयाबीनच्या शेंगांमधला रस शोषणारी ही कीड. तिच्या मध्यांत्राच्या, म्हणजे आतड्याच्या मधल्या भागाच्या, शेवटच्या टोकाला छोट्या छोट्या खोबणी असतात आणि त्यांत बर्कहोल्डेरिया हा जीवाणू ठासून भरलेला असतो. गंमत अशी, की आई तो पिल्लांना देत नाही. दर पिढीतलं प्रत्येक पिल्लू तो नव्याने मातीतून मिळवतं. मातीत हजारो प्रकारचे जीवाणू असतात, पण आतड्यातल्या एका अरुंद वाटेतून जवळजवळ हा एकच पुढे जाऊ शकतो. ज्या पिल्लांना तो मिळत नाही ती खुरटतात.

आता फेनिट्रोथिऑनकडे वळू. हे ऑर्गेनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक. शेतात ते पुन्हा पुन्हा फवारलं की मातीतले जे बर्कहोल्डेरिया ते फोडून अन्न म्हणून वापरू शकतात, त्यांची संख्या वाढते. योशितोमो किकुची आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये दाखवलं, की ढेकण्याच्या पिल्लांनी अशा मातीतून हा विष फोडणारा जीवाणू घेतला तर ती त्या औषधाला दाद देईनाशी होतात. दक्षिणेकडच्या मिनामी-दाइतो बेटावर, उसाच्या शेतांतल्या दुसऱ्या एका ढेकण्यातही असे जीवाणू मिळाले.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. प्रतिकारक्षमता म्हटलं की आपण जी गोष्ट शिकवतो ती अशी: लाखात एखादी कीड जनुकातल्या बदलामुळे वाचते, तिची पिल्लं वाचतात, आणि अनेक पिढ्यांनंतर औषध निकामी होतं. इथे किडीच्या जनुकांत काहीच बदललं नाही. निवड झाली ती मातीतल्या जीवाणूंची, आणि त्यांचा फायदा किडीला एकाच पिढीत मिळाला. औषधाचा थेंब अंगावर पडलाच नाही, अशा किडीलाही. फवारणी करताना आपण पानाकडे बघतो. पानावरून ओघळून जे मातीत जातं त्याचा हिशोब कोण ठेवतो? तशी ही कल्पना नवी नाही. सफरचंदाच्या फळमाशीशी जोडलेला एक जीवाणू कीटकनाशकं फोडतो, हे बूश आणि मात्सुमुरा यांनी 1967 मध्येच प्रसिद्ध केलं होतं. तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

ढेकण्यांच्याच गटातलं आणखी एक उदाहरण मला फार आवडतं. मेगाकॉप्टा या वंशातली मादी अंडी घालताना त्यांच्याखाली जीवाणूंनी भरलेल्या बारीक कुप्या ठेवून जाते. पिल्लं बाहेर आली की आधी त्या कुप्या शोषतात. या वंशातल्या दोन जवळच्या जाती घ्या: एक सोयाबीनवरची कीड, दुसरी तिथे नीट तग न धरणारी. 2007 मध्ये होसोकावा आणि सहकाऱ्यांनी दोघींच्या कुप्यांची अदलाबदल केली. निकालही उलटला: जी कीड नव्हती तिची अंडी सोयाबीनवर चांगली उबू लागली आणि जी कीड होती तिची उबवण घसरली. ‘कीड’ हा गुण कुणाचा म्हणायचा मग, ढेकण्याचा की कुपीतल्या जीवाणूचा?

चावून खाणाऱ्यांतही पक्की उदाहरणं आहेत. कॉफीच्या बीमध्ये राहणारा इवलासा भुंगेरा कॅफीनचा जो डोस सहज पचवतो, तो इतर कीटकांना मारक ठरतो. 2015 मध्ये दिसलं, की प्रतिजैविक दिल्यावर कॅफीन जसंच्या तसं विष्ठेत उतरतं, आणि स्यूडोमोनास फुल्वा हा जीवाणू परत दिल्यावर ते पुन्हा फुटायला लागतं. कोलोराडो बटाटा भुंगेऱ्याची अळी तर खाता खाता तोंडातून जीवाणू पानावर सोडते. झाडाला वाटतं, हा रोगजंतूंचा हल्ला आहे. ते त्या दिशेचं संरक्षण उभं करतं आणि चावणाऱ्या किडींविरुद्धचं, म्हणजे जॅस्मोनिक आम्लावर चालणारं संरक्षण मंदावतं. हे 2013 चं काम, टोमॅटोच्या झाडांवर केलेलं. टोळांचंही सांगून टाकतो: त्यांना थव्यात एकत्र ठेवणाऱ्या गंधातला ग्वायकॉल हा घटक त्यांच्या आतड्यातले जीवाणू बनवतात, जंतुमुक्त वाढवलेल्या टोळांच्या विष्ठेत तो सापडत नाही.

आता तो घोळ. कीटकनाशक म्हणून वापरलं जाणारं बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, अळीला कसं मारतं? त्याचं प्रथिन आतड्याच्या भिंतीला भोकं पाडतं, हे सगळ्यांना मान्य. 2006 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ब्रॉडरिक, रॅफा आणि हँडल्समन यांनी जिप्सी मॉथ या पतंगाच्या अळ्यांना प्रतिजैविकं दिली, आणि बीटीने त्या मरेनात. एंटरोबॅक्टर हा आतड्यातला जीवाणू परत दिला, तर पुन्हा मरू लागल्या. निष्कर्ष असा, की बीटी फक्त दार फोडतं. अळीला मारतात ते तिचेच जीवाणू, रक्तात शिरून. कल्पना इतकी देखणी की लगेच सगळीकडे पसरली.

पण बीटी हाही जीवाणूच आहे! अळीच्या पोटात उरलेलं प्रतिजैविक त्यालाही गाठणारच. 2009 मध्ये जॉन्स्टन आणि क्रिकमोर यांनी तंबाखूवरच्या शिंगाळ अळीवर, आणि रेमंड आणि सहकाऱ्यांनी कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगावर काम केलं. प्रतिजैविकाचा हा गोंधळ टाळून, निर्जंतुक वाढवलेल्या अळ्यांना बीटी दिलं, तर त्या मेल्या. विस्कॉन्सिनच्या गटाने पुढे वेगवेगळ्या जातींच्या अळ्या तपासल्या, तेव्हा परिणाम जातीगणिक बदलताना दिसला. माझं मत विचाराल तर जीवाणू मरणाला हातभार लावत असतील, पण बीटीला त्यांच्यावाचून चालतच नाही हे म्हणणं टिकत नाही.

पतंगांच्या अळ्यांबाबत एकूणच सावध राहावं. त्यांचं आतडं अतिशय अल्कधर्मी, सामू (पीएच) कित्येकदा 10 च्या वर. अन्न काही तासांत सरळ नळीतून बाहेर. टोबिन हॅमर आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये 124 जातींच्या रानातल्या अळ्या तपासल्या. जीवाणू अगदी थोडे, आणि जे होते तेही बहुतेक पानावरून आलेले वाटसरू. शिंगाळ अळ्यांना प्रतिजैविक दिलं तरी वाढीत फरक पडला नाही. म्हणजे अळीच्या पोटातला अमुक जीवाणू मारला की अळी आटोक्यात येईल, असं कुणी सांगितलं तर आधी विचारा: तो तिथे राहतो का, आणि काढून परत घालून पाहिलंत का?

जिथे उत्तर हो येतं, तिथेही शेतात प्रतिजैविकं फवारणं हा मार्ग नव्हे. माणसाचे आणि जनावरांचे रोगजंतू त्यांना सरावतील. ढेकण्यांच्या बाबतीत मला जास्त भरवशाचं वाटतं ते वेगळंच: एकाच गटातलं औषध सलग मातीत जाऊ न देणं, आणि औषध चालेना झालं की किडीबरोबर त्या शेताची मातीही तपासायला पाठवणं.