शेवटचे वीस मसल-अप

रोइंग मशीनवर ६० कॅलरी. ५० टोज-टू-बार, म्हणजे बारला लटकून पायाची बोटं बारला लावणं. ४० वॉल बॉल, म्हणजे जड चेंडू भिंतीवर उंच फेकणं. ३० क्लीन, म्हणजे बारबेल जमिनीवरून खांद्यांवर घेणं. आणि सगळ्यांत शेवटी २० मसल-अप, म्हणजे टांगलेल्या रिंगांना लटकून शरीर रिंगांच्या वर नेणं. घड्याळावर फक्त १४ मिनिटं. वजनं, जिम्नॅस्टिक्स आणि दमाचे व्यायाम एकत्र करणारा खेळ म्हणजे क्रॉसफिट; ओपन ही त्याची सगळ्यांसाठी खुली पहिली फेरी. २०१४च्या ओपनमधला हा चौथा वर्कआउट.

ज्याला मसल-अप येत नव्हता, त्याच्याही खात्यावर १८० रेप्स (हालचालीची एकेक आवर्तनं; रोइंगची एक कॅलरी म्हणजे एक रेप) जमा होऊ शकत होत्या. घाम वाया गेला नाही. हीच हालचाल सुरुवातीला ठेवली असती, तर तो शून्यावर अडकला असता.

पुढच्याच वर्षी, २०१५च्या क्रॉसफिट गेम्समध्ये, म्हणजे निवडक खेळाडूंच्या अंतिम स्पर्धेत, पेगबोर्ड आला. भोकं पाडलेली उभी फळी, दोन हातांत दोन खुंट्या, एकेक खुंटी वर रोवत चढायचं. आणि तो वर्कआउटच्या अगदी तोंडाशी. जगातल्या निवडक महिला खेळाडू, पण त्यातल्या कित्येक जणी तिथेच खोळंबल्या. पुढचं रोइंग, सायकल, डंबेल त्यांच्या वाट्याला आलंच नाही.

नवं, अवघड काही आणायलाच हवं. २०१७ साली ओपनमध्ये डंबेल आले, २०१८ला हातांवर चालणं, २०२१ला वॉल वॉक, म्हणजे पायांनी भिंत चढत हातांवर उलटं उभं राहणं. खेळाडूंची तयारी वाढली, की जुन्या हालचालींवर पहिला आणि दहावा वेगळा काढता येत नाही. पण अवघड हालचाल येते, तेव्हा ती नेमकी कुठे ठेवली, यावर सगळं ठरतं.

आता जळगाव. सकाळचे सहा. मे महिन्यात इथे दुपारी पारा ४५ अंशांकडे धावतो, म्हणून सराव ऊन चढायच्या आत.

लोखंडी कैचीला दोन लाकडी रिंगा टांगल्या आहेत. रावेरकडचा एक तरुण तळहाताला खडू चोळतो. केळीचे घड वाहून तयार झालेले खांदे. वजन उचलण्यात इथे त्याचा हात कुणी धरत नाही.

तो लटकतो, छातीपर्यंत ओढून घेतो. आता मधलं वळण: छाती पुढे, कोपरं मागे, शरीर रिंगांच्या वर. सगळी मेख इथे आहे. मनगट रिंगेवर चढवून धरलेलं नाही, म्हणून तो खाली घसरतो.

“अजून एक, भो!” मागून आवाज येतो.

कोच मात्र थांबवतो. रिंगा कमरेएवढ्या खाली घेतो, पाय जमिनीवर टेकवून नुसतं वळण करायला लावतो. ताकद नसताना झोका देऊन वर जायचा हट्ट केला, तर भार खांद्याच्या सांध्यावर येतो. तालमीतला वस्तादसुद्धा नव्या पोराला पहिल्याच दिवशी धोबीपछाड शिकवत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबारात स्पर्धा भरवणाऱ्यांनी पेगबोर्डची हौस जरूर करावी. पण ती शेवटी ठेवावी. हालचाल आधीच जाहीर करावी, कारण चोपड्याच्या किंवा शहाद्याच्या पोराकडे सरावाला रिंगा असतीलच असं नाही. त्या टांगायलाही वेळ लागतो. ओपनने २०१५मध्ये सोप्या हालचालींचा वेगळा गट सुरू केला, तसा गट इथेही हवा, आणि त्याला बक्षीसही हवं. रेप कधी धरायची, कोपर किती सरळ हवं, हे स्पर्धेआधी पंचाने सगळ्यांसमोर करून दाखवावं. मग त्याने “नो रेप”, म्हणजे ही रेप धरली नाही, असं म्हटलं, तरी कुणी हुज्जत घालणार नाही.