कोणती तारीख ऐकलीत?

(संगीतप्रेमींच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

जॅझ ऐकणारी दोन माणसं भेटली की हवापाण्याच्या गप्पा फारशा होत नाहीत. ‘सध्या काय ऐकताय?’ हा पहिला प्रश्न आणि ‘एवढ्यात प्रत्यक्ष कोणाला ऐकलंत?’ हा दुसरा. पण पहिल्या प्रश्नाला तुम्ही नुसतं एखाद्या गाण्याचं नाव सांगितलंत, तर समोरचा तुमच्या तोंडाकडे बघत राहतो. ‘बॉडी अँड सोल’ म्हणे! अहो, कोणाचं? कोलमन हॉकिन्सचं? बरं, मग कधीचं? ११ ऑक्टोबर १९३९चं असेल, तर आता बोलण्याजोगं काही आहे. कारण त्या दिवशी या सॅक्सोफोनवादकाने मूळ चाल सुरुवातीला जेमतेम दाखवली आणि पुढचे जवळजवळ दोन कोरस तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. कोरस म्हणजे गाण्याचा पूर्ण आराखडा एकदा फिरून येणं. ख्यालातल्या आवर्तनासारखंच, फक्त इथे तालाबरोबर कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीचा, क्रमही बांधलेला असतो. हॉकिन्स त्यानंतर हे गाणं आयुष्यभर वाजवत राहिला. त्यामुळे गाण्याच्या नावाने काहीच ठरत नाही. तारीख सांगावी लागते.

आणि या तारखा आपल्यापर्यंत पोचल्या कशा? कंपन्यांनी पोचवल्या हे खरंच, पण अर्धंच. पुष्कळशा तारखा आपल्यासारख्या वेड्या श्रोत्यांनी वाचवल्या आहेत.

७ नोव्हेंबर १९४०. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात फार्गो नावाचं गाव आहे, तिथला क्रिस्टल बॉलरूम. पियानोवादक आणि संगीतकार ड्यूक एलिंग्टनचा बँड नाचासाठी वाजवायला आलेला. जॅक टॉवर्स आणि डिक बरिस या दोन तरुण चाहत्यांनी परवानगी काढून तबकडी कोरणारं एक उचलून नेता येईल असं यंत्र तिथे आणलं. तबकडी भरली की काढायची, नवी लावायची. त्या अदलाबदलीत काही गाणी तुटली आहेत. पण त्या काळात स्टुडिओतल्या तबकडीची एक बाजू तीन मिनिटांत संपायची; इथे तोच बँड अंग मोकळं करून वाजवताना सापडतो. बास वाजवतोय जिमी ब्लँटन. हा मुलगा पुढे दोन वर्षांतच, वयाच्या तेविसाव्या वर्षी क्षयाने गेला. बास हे वाद्य मागे उभं राहून ठेका धरण्यापुरतं नाही, हे ज्यांनी दाखवून दिलं त्यांत त्याचं नाव फार वर आहे. सॅक्सोफोनवादक बेन वेबस्टरचा ‘स्टारडस्ट’वरचा सोलो, म्हणजे एकट्याने रंगवलेला भाग, याच रात्रीचा. हे ध्वनिमुद्रण रीतसर बाजारात आलं १९७८मध्ये आणि १९८०मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. इतकी वर्षं ते चाहत्यांच्या कपाटात होतं.

दुसरा वेडा त्याहून पुढचा. डीन बेनेडेटी, स्वतः सॅक्सोफोनवादक. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर म्हणजे त्याचं दैवत. मार्च १९४७मध्ये लॉस एंजेलिसच्या हाय-डी-हो क्लबात पार्कर हॉवर्ड मॅगीच्या बँडबरोबर वाजवत होता, तेव्हा हा गृहस्थ यंत्र घेऊन बसला. आणि काय केलं? पार्कर वाजवायला लागला की यंत्र सुरू, पार्कर थांबला की यंत्र बंद! बाकीच्यांचे सोलो सरळ गाळले. पियानोवर हॅम्पटन हॉज होता हो! पण यांना पार्कर सोडून कोणी दिसेचना. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्येही तोच प्रकार. हा सगळा ऐवज १९९०मध्ये मोझेक कंपनीने सात सीडींत काढला. तो ऐकताना मला दर वेळी राग येतो आणि दर वेळी मी ऐकतो. राग अशासाठी, की जॅझमधला सोलो हवेत लोंबकळत नसतो. आधीच्याने जिथे सोडलं तिथून पुढचा उचलतो, मागे ड्रमर टोकतो, पियानो वाट काढून देतो किंवा मुद्दाम आडवा येतो. बेनेडेटीने उत्तरं जपली आणि प्रश्न फेकून दिले. आपल्यातले काही जण क्लबात आवडत्या कलाकाराचा सोलो संपताच शेजाऱ्याशी बोलायला लागतात. तेही त्याच घराण्याचे. नावं घेत नाही.

कंपन्यांचंही सगळं सरळ नव्हतं. अमेरिकेतला न्यूपोर्ट जॅझ महोत्सव, ७ जुलै १९५६. पुन्हा एलिंग्टन. दोन जुन्या रचनांना जोडणाऱ्या मधल्या जागेत पॉल गोन्साल्विस टेनर सॅक्सोफोनवर उभा राहिला आणि त्याने ब्लूज या छोट्या आराखड्याचे २७ कोरस वाजवले. काळ्या पोशाखातली एक बाई उठून नाचायला लागली, मग सगळा जमाव उठला. गंमत अशी की गोन्साल्विस भलत्याच माइकसमोर उभा होता. तो माइक होता व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओचा. त्यामुळे कंपनीच्या अल्बममध्ये तो लांबून वाजवल्यासारखा येतो. त्या अल्बमचा बराचसा भाग तर नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून जोडलेला होता. पुढे रेडिओची टेप सापडली, दोन्ही टेप जुळवून १९९९मध्ये खरी मैफल बाहेर आली. म्हणजे ‘न्यूपोर्ट’ ऐकलं असं म्हणणाऱ्याला विचारायलाच हवं : १९५६चं की १९९९चं? हा शिष्टपणा नाही. दोन्ही ऐकून बघा, माणूसच वेगळा ऐकू येतो.

आता थोडं आजचं. हल्ली न्यूयॉर्कमधल्या स्मॉल्ससारख्या क्लबातला कार्यक्रम जगात कुठेही बसून थेट बघता येतो. उपकारच आहेत, पण पडद्यावर बास नीट कळत नाही. प्रत्यक्ष जायला मिळालं तर ड्रमरचे हात दिसतील अशी जागा धरा आणि दोन सेट, म्हणजे विश्रांतीच्या आधीचा आणि नंतरचा भाग, असतील तर दुसऱ्याला बसा. पहिल्या सेटमध्ये मंडळी एकमेकांना आणि खोलीला जोखत असतात. नुकताच मी एक ट्रायो, म्हणजे तिघांचा संच, ऐकला. दुसऱ्या सेटमध्ये एका संथ गाण्यात ड्रमरने ब्रश खाली ठेवले आणि नुसत्या बोटांनी स्नेअर ड्रमच्या कडेवर वाजवायला लागला. पियानोवाल्याने ते ऐकून डावा हात मांडीवर ठेवला. दोघांनी जागा मोकळी केल्यावर चाल बासकडे गेली, आणि बासवाला ती इतकी हळू म्हणायला लागला की बारपाशी बर्फ फोडणाऱ्यानेही हात आवरला. कोणी कोणाला खूण केलेली नव्हती. रेकॉर्डवर हे सगळं ‘बास सोलो’ म्हणून आलं असतं.

घरी सध्या माझ्याकडे ड्रमर टायशॉन सोरीचा २०२२चा तीन सीडींचा संच फिरतोय. न्यूयॉर्कच्या जॅझ गॅलरीतलं प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण, ग्रेग ऑस्बी, एरन डील आणि रसेल हॉल सोबतीला. जुनी स्टँडर्ड्सच, म्हणजे सगळेच वाजवतात अशी गाणी, वाजवतात, पण मध्ये न थांबता. एक गाणं कुठे संपलं आणि दुसरं कुठे लागलं हे ओळखताना भलेभले गडबडतात. पहिल्यांदा यादी न बघता ऐका, हा माझा आग्रह.

आणि शेवटी तुम्हाला ऐकवण्यासाठी जे आणलंय ते. रविवार, २५ जून १९६१, व्हिलेज व्हॅनगार्ड. न्यूयॉर्कमधला हा तळघरातला क्लब १९३५पासून चालू आहे. पियानोवादक बिल एव्हान्सचा ट्रायो : बासवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. दुपारचे दोन आणि रात्रीचे तीन, असे पाच सेट. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. वय २५. या ध्वनिमुद्रणात ग्लास किणकिणतात, कोणीतरी हसतं, लोक चक्क गप्पा मारतात. काहींना हा आवाज खटकतो. मला तो हवा असतो. त्यावरून खोली केवढी होती याचा अंदाज येतो आणि लाफारो किती जवळून बोलतोय हे कळतं. तो एव्हान्सच्या मागे चालत नाही, मध्येच वाक्य तोडून स्वतःचं सांगतो. मोशन तर कित्येकदा ठेका वाजवतच नाही, नुसता सुचवतो. त्या दिवसाचे दोन अल्बम सगळ्यांना ठाऊक आहेत. पण २००५च्या पूर्ण संचात सेट जसे झाले तसे, क्रमाने आहेत. एकच गाणं दुपारी कसं होतं आणि रात्री कसं झालं, ते ताडून बघता येतं.

त्यातलं पहिलंच गाणं लावतो, ‘ग्लोरियाज स्टेप’, खुद्द लाफारोची रचना. मध्येच आवाज जाईल. कोणी उठून वायर हलवू नका, आपलं यंत्र ठीक आहे. त्या दुपारी तिकडची वीज गेली होती.