दोनशे अडतीस रुपये कमी पडले त्या रविवारी

(दृश्य: पासबुकाचं पान, अगदी जवळून. छपाई फिकट.)

हे पासबुक माझ्या धाकट्या बहिणीचं. पाच तारखेची ही ओळ बघा. नॅच रिटर्न चार्जेस, 590 रुपये. नॅच म्हणजे कर्जाचा हप्ता खात्यातून आपोआप वळता करणारी यंत्रणा; तो हप्ता शिल्लक नाही म्हणून परत गेला, त्याचा हा बँकेचा दंड. खाली दहा तारखेला तेच शब्द, पण आकडा 312. आणि पान उलटलं की पुढच्या महिन्यात, पगार जमा झाला त्याच्या लगेच खालच्या ओळीत, 278.

312 आणि 278 मिळवले की पुन्हा 590 होतात. दहा तारखेला तिच्या खात्यात दंड भरण्यापुरतेही पैसे नव्हते. होते तेवढे सगळे घेतले, आणि राहिलेले पगाराची वाट बघून घेतले.

सुरुवात झाली एका रविवारी. तिच्या कर्जाचा हप्ता 4,850 रुपयांचा, दर महिन्याच्या पाच तारखेला जाणारा. खात्यात होते 4,612. पगार शनिवारी व्हायचा, तो ऑफिसने सोमवारवर ढकलला. तिला वाटलं, रविवारी बँक बंद असते, हप्ता सोमवारीच जाईल. पूर्वी तसंच होतं. पण 1 ऑगस्ट 2021 पासून नॅच यंत्रणा वर्षाचे सगळे दिवस चालते, रविवार असो की सण. हप्ता सुट्टी पाळत नाही आणि पगार पाळतो, या फटीत किती जण पडत असतील, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे.

(दृश्य: कर्जाच्या कागदांचा गठ्ठा, त्यातल्या एका फॉर्मवरची सही.)

कर्ज घेताना आपण पंधरा-वीस ठिकाणी सह्या करतो. त्यातली एक असते मँडेटवर. ठरलेल्या तारखेला माझ्या खात्यातून इतके पैसे घ्या, अशी ती परवानगी. त्या दिवशी फायनान्स कंपनी आपल्या बँकेमार्फत मागणी पाठवते. ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेतून आपल्या बँकेत येते. शिल्लक पुरली तर पैसे गेले. नाही पुरली तर मागणी परत, शेरा ‘अपुरी शिल्लक’.

इथे एक गोष्ट नीट बघायला हवी. हप्ता अर्धामुर्धा जात नाही. खात्यात 4,612 होते, पण बँकेने तेवढे देऊन टाकले आणि 238 बाकी राहिले, असं झालं नाही. पूर्ण रक्कम, नाहीतर काहीच नाही. दंडाला मात्र हे बंधन नव्हतं. दंड 312 आणि 278 असा दोन तुकड्यांत वसूल झाला. कर्ज फेडायला निघालेले पैसे अपुरे म्हणून परत आले, आणि दंडासाठी तेच अपुरे पैसे चालले. मला यातलं हेच सगळ्यात जास्त टोचतं.

आणि दंड एकाच दारातून येत नाही. बँकेने 590 घेतले. फायनान्स कंपनीने बाऊन्स चार्जेस म्हणून 450 वेगळे लावले. सोमवारी सकाळी पगार आल्याआल्या बहिणीने कंपनीच्या ॲपवरून हप्ता भरला. पावती आली. तिने सुटकेचा श्वास सोडला. भाडं दिलं, मुलीची फी भरली, मागची देणी चुकवली.

शुक्रवारी, दहा तारखेला, कंपनीने तोच हप्ता पुन्हा मागणीला लावला. सोमवारी भरलेला हप्ता. खात्यात 312 रुपये. मागणी परत. बँकेचे पुन्हा 590, कंपनीचे पुन्हा 450. एकूण 2,080 रुपये. कमी पडले होते 238.

(दृश्य: बँकेच्या शाखेतला काउंटर. काचेवर ठेवलेलं पासबुक.)

ती शाखेत गेली, मी बरोबर होते. ती म्हणाली, “सर, हप्ता मी सोमवारीच भरलाय. ही पावती बघा.” काउंटरवरचे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी पावती पाहिली आणि म्हणाले, “मॅडम, आमच्याकडे मागणी आली, शिल्लक नव्हती, परत केली. सिस्टीमने चार्जेस लावले. तुम्ही फायनान्सवाल्यांकडे विचारा.” फायनान्स कंपनीच्या हेल्पलाइनवर उत्तर मिळालं, “मॅडम, पैसे तुमच्या बँकेने कापलेत, बँकेत विचारा.”

बरीच माणसं इथेच थकतात. दोन्ही उत्तरं अर्धी खरी होती, म्हणून कुणाशी भांडायचं तेच कळत नाही. तिलाही कळेना. ती म्हणाली, “जाऊ दे ताई, गेले पैसे.” मी जाऊ दिलं नाही. त्या रात्री आम्ही स्टेटमेंट घेऊन बसलो आणि प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलने एकच गोष्ट लिहिली: ही मागणी कुणामुळे परत गेली?

पाच तारखेची परत गेली ती आमच्याकडे पैसे नव्हते म्हणून. दहा तारखेची परत गेली, कारण जे देणं उरलेलंच नव्हतं ते कंपनीने मागितलं. या दोन ओळी पासबुकात अगदी सारख्या दिसतात. शब्द तेच, आणि दोन तुकडे मिळवले की आकडाही तोच. त्या वेगळ्या केल्या आणि तक्रारीला आकार आला. चूक मागणी पाठवणाऱ्याची, म्हणून कंपनीचे 450 आणि त्या मागणीमुळे बँकेत गेलेले 590, दोन्ही कंपनीकडेच मागायचे. बँकेशी वाद घालण्यात गेलेला आठवडा वायाच गेला म्हणायचा.

तक्रार फोनवर केली नाही, ईमेलने केली. मँडेटचा यूएमआरएन नंबर (म्हणजे त्या मँडेटचा ओळख क्रमांक), कर्ज खात्याचा नंबर, सोमवारच्या पावतीची वेळ, शुक्रवारच्या परतीची नोंद. राग एका वाक्यापुरताही लिहिला नाही, आणि ते सोपं नव्हतं. शेवटी तक्रार क्रमांक मागितला.

आता नियमांबद्दल, कारण ते माहीत असले की आवाज कापत नाही. कर्जाचा हप्ता थकल्यावर लागणाऱ्या दंडाबद्दल रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2023 रोजी परिपत्रक काढलं. दंड हा दंडच राहील, तो व्याजदरात मिसळायचा नाही, मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावायचं नाही, आणि चुकीच्या मानाने तो वाजवी असला पाहिजे. नव्या कर्जांना हे 1 एप्रिल 2024 पासून लागू आहे. बँकांच्या सेवाशुल्काबद्दलही रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहे की ते वाजवी असावं, सेवेच्या सरासरी खर्चाशी विसंगत नसावं. पण आकडा बँका स्वतःच ठरवतात. एक मागणी यंत्राने परत पाठवायला 590 रुपये खर्च येतो, हे मला कुणी पटवून द्यावं.

कार्डावरून किंवा यूपीआयवरून आपोआप जाणाऱ्या पैशांसाठी 24 तास आधी सूचना द्यावी लागते. कर्जाच्या नॅच मँडेटला तो नियम नाही. ज्याचा हप्ता चुकला तर सर्वांत जास्त भुर्दंड बसतो, त्यालाच आधी कळवायची सक्ती नाही.

मँडेट रद्द करूनही पैसे कापले गेले, तर जबाबदारी ग्राहकाच्या बँकेची. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार ते एका दिवसात निस्तरायचं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये ग्राहकाला द्यायचे. पण कर्ज चालू असताना रागाच्या भरात मँडेट बंद करणं महागात पडतं. शिवाय, अपुऱ्या शिल्लकीमुळे मागणी परत जाणं हा 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 25 खाली गुन्हा होऊ शकतो. चेक न वटल्यासारखाच, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याआधी समोरच्याला लेखी नोटीस द्यावी लागते आणि पैसे भरायला 15 दिवस मिळतात. म्हणून अशी नोटीस आली तर ती कपाटात ठेवू नका. त्याच दिवशी उघडा.

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर तक्रारीचा फॉर्म. टाइप करणारी बोटं.)

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. 2021 च्या नोव्हेंबरपासून त्यासाठी देशभर एकच योजना आहे. तक्रार ऑनलाइन करता येते, फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. मात्र तिथे काय लिहिता याला फार महत्त्व आहे. ‘चार्जेस जास्त आहेत’ असं लिहिलं, तर तो बँकेचा व्यावसायिक निर्णय ठरून तक्रार बंद होऊ शकते. ‘भरलेल्या हप्त्याची मागणी पुन्हा लावली आणि त्यावर चार्जेस घेतले’ असं लिहिलं, तर ती सेवेतली त्रुटी आहे आणि कुणालातरी त्या ओळीकडे बघावंच लागतं. कारण तोपर्यंत त्या ओळीकडे एकाही माणसाने पाहिलेलं नसतं. दंड सिस्टीमने लावलेला असतो, कापलाही सिस्टीमनेच.

आम्हाला लोकपालापर्यंत जावं लागलं नाही. सव्विसाव्या दिवशी कंपनीचा ईमेल आला. पुन्हा मागणी लावताना ॲपवरचा भरणा नोंदला गेला नव्हता, असं त्यात होतं. दिलगिरी होती. चार दिवसांनी तिच्या खात्यात 1,040 रुपये जमा झाले.

पहिले 1,040 परत आले नाहीत. बँकेच्या शाखेत आम्ही एक विनंती अर्ज दिला होता: पहिलीच वेळ आहे, पगार दोन दिवस उशिरा झाला, हे त्याचं पत्र. अर्जावर शिक्का मिळाला, पैसे मिळाले नाहीत. कंपनीने हप्त्याची तारीख पाचवरून दहा करायला होकार दिला. त्यासाठी नवं मँडेट लागलं, नवी सही लागली. या वेळी तिने तो फॉर्म खालपर्यंत वाचला, कमाल रकमेच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, “इथे 4,850 च्या जागी 10,000 का लिहिलेत?” आणि उत्तर मिळेपर्यंत पेनाचं टोपण काढलं नाही.